बाळ गेलं तरी ती बाळंतीणच आहे

भाऊ, तुम्ही लिहिलंय की बहिणीचं पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आणलेली. नववा लागला आणि लेकरू पोटातच गेलं. १५ दिवस झाले, ती कोणाशी बोलत नाही. सासरचे म्हणतात, कापूस फुटलाय, वेचायला माणूस नाही, पाठवून द्या. वरून दवाखान्यासाठी काढलेलं कर्ज अंगावर. मी वर्धा जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. अशी घरं जवळून पाहिलीत, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी एकच ऐका, तिला इतक्यात पाठवू नका. लेकरू कुशीत असतं तर सव्वा महिन्याच्या आत तिला कोणी वावरात जा म्हटलं असतं का? तिच्या अंगाचं बाळंतपण तर पूर्ण झालंय. अंगावरून जाणं तेच, टाके तेच, कंबर तीच. पण बाळ नसलं की घरातली शेकशेगडी विझते, डिंकाचे लाडू कोणी वळत नाही आणि तीही तोंड उघडून मागत नाही. तुमच्या मायला सांगा, सगळं करायचं. मालिश, गरम जेवण, झोप, सगळं.

दुधाबद्दल घरात कोणीच बोलत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा येतोच, त्याला काय ठाऊक लेकरू नाही म्हणून. एक पोरगी मी पाहिली होती, बाळासाठी शिवलेली दुपटी पदराआड दोन्हीकडे दाबून बसलेली. ब्लाऊज भिजलेला घरातल्या पुरुषांना दिसू नये म्हणून. तुमच्या बहिणीचं अजून येत असेल तर नीट बसणारा ब्लाऊज, वरून थंड पाण्याची घडी, आणि पिळून काढत बसू नये. गाठ धरली, ताप आला तर दवाखाना. दूध आटायची गोळी असते, पण बीपी वाढलेल्या बाईला ती चालेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच.

आशाताईंना तुम्ही स्वतः घरी बोलवा. बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांतल्या त्यांच्या गृहभेटी नवजात बाळाच्या नावाने आखलेल्या असतात, त्यामुळे जिथं सर्वात जास्त गरज तिथंच जाणं राहून जातं. बीपी, हिमोग्लोबिन, टाके एकदा पाहून घ्या.

आता दोषाचं. ग्रहणात बाहेर निघाली, पपई खाल्ली, कोणाची नजर लागली, हे तुमच्याकडेही सुरू झालं असेल. ते तिथंच थांबवा. बाळ पोटात जातं ते बीपीने, साखरेने, संसर्गाने, वाढ खुंटल्याने, नाळेच्या दोषाने, कळा सुरू झाल्यावर मदत उशिरा मिळाल्याने. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. पुष्कळदा कारण सापडतही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या अहवालात जगभरात वर्षाला सुमारे २० लाख मृतजन्म मोजलेत, त्यातले ४० टक्क्यांहून जास्त कळा सुरू असताना झालेले, आणि आकड्यात आपला देश सर्वात पुढे. एवढ्या सगळ्या बायांनी काय पपई खाल्ली होती?

पैशाचं बोलू. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, हात थांबला की पैसा थांबला. नोकरीवाल्या बाईला कायदा मृतजन्मानंतरही बाळंतपणाची पूर्ण रजा देतो. वावरातल्या बाईला काहीच नाही. हे अन्यायाचं आहे, आणि म्हणूनच तिच्या विश्रांतीचा खर्च दोन्ही घरांनी उचलायला हवा. पहिलं बाळंतपण माहेरचं, या रिवाजाने सगळं कर्ज तुमच्यावर आलं. जावयांना आणि त्यांच्या वडिलांना बसवून बोला, वाटून घ्या. पण तिच्यासमोर नको. बचत गटाचं कर्ज असेल तर गटातल्या बायांना खरं काय ते सांगा, हप्ता पुढे ढकलणं त्यांच्या हातात असतं. एक कर्ज फेडायला सावकाराकडे जाऊ नका. गरोदर बाईला पैसे देणाऱ्या सरकारी मातृवंदना योजनेत नाव होतं का? मृतजन्म झाला तर पुढच्या गरोदरपणात तिला नवीन लाभार्थी धरतात. कागद जपा.

जावयांना मात्र हिशेबापुरतं बोलावू नका. कापडात गुंडाळलेलं लेकरू मातीला त्यांनीच नेलं असणार, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला. त्यांना कोणी विचारलं? चार दिवस राहू द्या तिच्याजवळ. बाळ तिला दाखवलं नसेल तर कसं होतं, माती कुठं दिली, ती विचारेल तेव्हा खरं सांगा. ‘विसर आता, दुसरं होईल’ हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये.

ती झोपत नसेल, जेवत नसेल, जगून काय करू असं म्हणत असेल तर वाट पाहू नका. १४४१६ ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची मोफत लाइन आहे, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टरही असतात. आणि फवारणीचं औषध आजच घरातून हलवा, कुलपात ठेवा. हे मी घाबरवायला लिहीत नाही, पण आपल्याकडे ते प्रत्येक घरात हाताशी असतं.

पुढचं बाळ कधी, ते तिने आणि जावयांनी ठरवावं, डॉक्टरांना विचारून. त्याआधी बीपी, साखर, थायरॉइड, दोघांचं सिकलसेल आणि रक्तगट. तिचा गट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून देतात ते) दिलं होतं का, ते पाहा. खर्रा, नस, तंबाखूचं जे असेल ते बंद. पुढच्या खेपेला बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना, आणि बाळंतपण सिझेरियन व रक्ताची सोय असेल तिथंच. सरकारी दवाखान्यात ते मोफत आहे, गाडीसाठी १०२.

डिस्चार्ज कार्डावर किती आठवडे, बाळाचं वजन किती, आणि ते आधीच गेलं होतं की कळांमध्ये, हे लिहिलंय का बघा. नसेल तर लिहून मागा, पुढच्या डॉक्टरांना तेच लागतं. २८ आठवड्यांपुढच्या मृतजन्माची नोंद १९६९ च्या कायद्याने करावी लागते, मुदत २१ दिवसांची. दवाखान्यात झालं असेल तर कळवण्याचं काम त्यांचं, पण त्यांनी केलं का ते उद्याच जाऊन विचारा. नाव झाकून कार्डाचा फोटो टाकलात तर कोणत्या तपासण्या राहिल्यात ते मी पाहून सांगते.