ड्युटी नसलेले चार आठवडे

आयटीतली माणसं समुपदेशनाला येताना निदान घरूनच करून आणतात. पहिल्या पाच मिनिटांत ‘बर्नआउट झालाय’ असं सांगून मोकळी होतात. पण अलीकडे एक वेगळा प्रश्न पुन्हापुन्हा कानावर येतो. सर्व्हर, डेटाबेस, पेमेंट असं चोवीस तास चालू राहणारं काहीतरी ज्यांना सांभाळावं लागतं, ते विचारतात, ‘रात्री फोन तर फारसा येत नाही, मग मला झोप का लागत नाही? मी एवढा दमतो कशानं?’

याचं उत्तर एकाच्या अनुभवातून सांगते. त्याची परवानगी घेतली आहे, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. त्याला मंदार म्हणू.

मंदार अडतीस वर्षांचा. घर वाकडला, ऑफिस हिंजवडीत फेज थ्रीला. आठवड्यातले तीन दिवस जायचं, बाकी घरून काम. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी दुसरीत, आईवडील कराडला. हप्ते निम्म्याहून जास्त फिटलेले. मॅनेजर ‘तसा बरा’. क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा, म्हणजे उन्हाळ्यात रात्री साडेआठला असलेली मीटिंग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेनऊला. तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं आणि वाकडमधलं जेवण एक तास पुढे.

पण त्याची तक्रार मीटिंगांची नव्हती. रात्री तीन-चारदा जाग यायची. उठला की हात आधी उशीशेजारच्या फोनकडे. काही नसायचं. पुन्हा झोप लागायला पाऊण तास. दिवसा चिडचिड, बोलता बोलता शब्द न आठवणं, शनिवारी दुपारी मेल्यासारखं झोपणं. पूर्वी तो दर महिन्याला एखादा गड करायचा आणि त्यावर सविस्तर, खुसखुशीत लिहायचा. दोन वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती. ‘गडावर रेंज नसते,’ तो म्हणाला. कारण एवढंच.

आधी मी त्याला त्याच्या फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं. अशा थकव्यात थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, रक्तदाब पाहून घ्यावेच लागतात, आणि घोरणं जास्त असेल तर झोपेत श्वास अडकतो का तेही. सगळं ठीक निघालं. नैराश्याची लक्षणं विचारली. जगण्यात रस होता, भूक नीट होती, नकोनकोसे विचार नव्हते. ते असते तर गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली असती. (ज्यांना तसे विचार येतात त्यांनी माझ्यासारखीची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थांबू नये. ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.) ‘बर्नआउट’बद्दल सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तो कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवला, आजार म्हणून नाही. तो नोकरीत काय चाललंय याचा पत्ता देतो. म्हणून मी मंदारला मनाबद्दल कमी आणि कामाबद्दल जास्त विचारलं.

त्याच्या टीममध्ये पाच जण. प्रत्येकाला पाचातला एक आठवडा ‘ऑन-कॉल’, सोमवार ते सोमवार. त्या आठवड्यात सिस्टिममध्ये बिघाड झाला की फोनवरचं अॅप ठणाणा करतं. पंधरा मिनिटांत ‘पाहिलं’ अशी पोच द्यायची, नाही दिली तर अलर्ट दुसऱ्याकडे जातो. त्याच्या मुलीला अॅपचा आवाज आणि साध्या फोनचा आवाज झोपेतही वेगळे ओळखता येत होते. बायकोच्या सकाळच्या गजराचा सूर त्या अलर्टसारखा लागतो म्हणून तिनं तो बदलला होता.

‘मग अलर्ट येतात किती?’ मी विचारलं.

‘माझ्या आठवड्यात एक किंवा दोन. कधी एकही नाही. म्हणून तर विचारतोय, मॅडम. काम काहीच नाही, आणि मी संपलोय.’

इथेच बहुतेकांची गल्लत होते. ते जाग येण्याचे प्रसंग मोजतात, जागं राहण्याची तयारी मोजत नाहीत. गॅसवर दूध ठेवून शेजारच्या खोलीत वाचत बसलेल्या माणसाला विचारा, किती पानं झाली. दूध उतू गेलेलं नसतं, वाचनही झालेलं नसतं. १९८८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी जहाजांवरच्या इंजिनिअरांचा असा अभ्यास केला होता. रात्री इंजिनरूममध्ये कोणी नसायचं. ड्युटीवरचा इंजिनिअर केबिनमध्येच झोपायचा आणि बिघाड झाला तर गजर व्हायचा. त्यांच्या मेंदूचे आलेख काढले, तेव्हा ड्युटीच्या रात्री गाढ झोप कमी आणि नाडी जास्त आढळली. मुख्य म्हणजे हा फरक गजर वाजण्याच्या आधीच्या झोपेतही दिसत होता. शरीर नुसती वाट पाहत होतं, आणि त्याची किंमत मोजत होतं.

हे सांगितल्यावर मंदारला बरं वाटलं. आपण नाजूक झालेलो नाही, एवढं कळलं तरी माणसाचे खांदे उतरतात. पण यानं पाचातल्या एकाच आठवड्याचं कोडं सुटत होतं. मी त्याला मागच्या तीन महिन्यांचा रोटा, म्हणजे ड्युटीच्या पाळ्यांचा तक्ता, आणायला सांगितला आणि रोज सकाळी रात्रीबद्दल दोन ओळी लिहायला: किती वेळा उठलो, फोनवर काय दिसलं.

दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा तोच गप्प झाला. ड्युटीच्या आठवड्यातली झोप आणि ड्युटी नसलेल्या आठवड्यातली झोप यांत काहीच फरक नव्हता. उरलेले चारही आठवडे तो पहाऱ्यावरच होता. टीमच्या चॅटवर नजर, दुसऱ्याच्या अलर्टवर नजर. कुणी पाच मिनिटांत पोच दिली नाही की याच्या पोटात गोळा.

कधीपासून, हे विचारल्यावर पाडव्याचा प्रसंग निघाला. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्याची ड्युटी होती. कराडला जाताना खंबाटकीच्या अलीकडे गाड्या तुंबलेल्या. मुलगी कंटाळली म्हणून फोन तिच्या हातात, कार्टून लावून, आवाज बंद करून. तेवढ्यात अलर्ट आला. पंधरा मिनिटांनी तो दुसऱ्या माणसाकडे जायला हवा होता, पण तो माणूस रजेवर होता आणि रोट्यात त्याचं नाव कुणी बदललेलं नव्हतं. चाळीस मिनिटं लोकांची पेमेंटं अडकली. नंतर जो कारणमीमांसेचा कागद तयार होतो, ज्याला ही मंडळी आरसीए म्हणतात, त्यात पहिलंच वाक्य होतं की प्रायमरीनं, म्हणजे ड्युटीवरच्या पहिल्या माणसानं, प्रतिसाद दिला नाही. रोट्यातली चूक खाली कुठेतरी आठव्या ओळीत. त्या वर्षी रेटिंग एक पायरी घसरलं. त्या दिवसापासून त्यानं मुलीला कधी फोन दिला नाही. तिला त्याचं कारण माहीत नाही, पण आपलंच काहीतरी चुकलं हे तिनं ओळखलं असणार, असं तिची आई मला म्हणाली.

माझं या बाबतीत स्पष्ट मत आहे. मोठमोठ्या सिस्टिम चालवणाऱ्या लोकांनीच हे कधीचं मान्य केलंय की बिघाडाची चौकशी माणसाचं नाव न घेता व्हावी, नाहीतर लोक खरं सांगणं बंद करतात. गूगलमध्ये हे काम करणाऱ्या अभियंत्यांनी २०१६ साली उघडपणे लिहिलं, की बारा तासांच्या ऑन-कॉलमध्ये दोनाहून जास्त घटना हाताळणं परवडत नाही, आणि ऑन-कॉलचा मोबदलाही द्यायला हवा. आपल्याकडे शब्द आले, ‘ब्लेमलेस’ वगैरे. आठव्या ओळीतलं कारण मात्र आठव्या ओळीतच राहिलं. मंदारच्या कंपनीनं तणावमुक्तीचं वेबिनार ठेवलं होतं, ते संध्याकाळी साडेसातला, क्लायंटच्या कॉलच्या ऐन तोंडावर.

दुसऱ्या वेळी बायको सोबत आली. तिनं एक साधी गोष्ट सांगितली. ‘मी त्याला महत्त्वाचं काही सांगतच नाही आता. अर्ध्या वाक्यात तो फोनकडे बघतो. मग मी त्याला भाजी आणायला पाठवते. भाजी आणता आणता फोन बघता येतो.’ नंतर तिनं विचारलं, ‘याला काही कायदा नाही का हो?’ अजून नाही. कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून दूर राहण्याच्या हक्काचा कायदा फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायद्यापर्यंत पोचलेलं नाही. तोवर घरातच काय होईल ते बघायचं.

‘फोनचा विचार करू नका’ असं सांगून उपयोग नसतो, आणि प्राणायाम मी सुरुवातीला देत नाही. जागं राहिल्यामुळेच सगळं सुरळीत आहे अशी मंदारची खात्री झाली होती. ती खात्री तपासून पाहायची संधीच तो स्वतःला देत नव्हता. म्हणून ठरलं ते असं. ड्युटी संपली की सोमवारी सकाळी पुढच्या माणसाला लेखी हँडओव्हर द्यायचा: काय उघडं आहे, कशावर लक्ष ठेवायचं. त्यानंतर चार आठवडे ते अॅप आणि टीमचं चॅट संध्याकाळी आठनंतर बंद. ज्या दिवशी क्लायंटची मीटिंग असेल तेव्हा ती संपल्यावर. फोन रात्री हॉलमध्ये, उठायला साधं गजराचं घड्याळ.

तो लगेच म्हणाला, ‘बाबांची अँजिओप्लास्टी झालीय. फोन बंद कसा ठेवू?’ अडचण खरी होती, आणि तिच्याआड दुसरीही दडलेली होती. फोनमध्ये ठरावीक नंबरांनाच वाजू देण्याची सोय असते. कराडचे दोन नंबर आणि टीममधल्या सगळ्यांचे नंबर त्यात घातले. खरंच गरज पडली तर कुणीही त्याला फोन करू शकत होतं. फक्त त्यानं स्वतः जाऊन बघायचं नव्हतं.

पहिला आठवडा वाईट गेला. झोप आणखी बिघडली, हे होतंच. आणि घरात भांडणं वाढली. मोकळा झालेला माणूस स्वयंपाकघरात आला, डबे उघडून ‘हे इथे का’ विचारू लागला. दोन वर्षं त्याच्याशिवाय चालवलेल्या घरात त्याला जागा करून देणं बायकोला जड गेलं. तिला त्याचा हक्कही होता. यावर आम्ही बरंच बोललो. शेवटी मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडणं आणि शनिवारची रात्र, एवढं त्याच्याकडे आलं. बाकी तिनं दिलं नाही, आणि मी तिला तसा आग्रहही केला नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्यानं मागचे सगळे अलर्ट काढून पाहिले. आपल्यावाचून अडलं असं कुठे झालं, हे शोधायचं होतं. एक सापडला. टीममध्ये नवीन लागलेल्या मुलीला एक जुना डेटाबेस कळेना, आणि तिनं रात्री अकराला त्याला सरळ फोन केला होता. दहा मिनिटांत काम झालं. तो परत झोपला. बाकी एकदाही कुणाला त्याची आठवण झाली नव्हती.

‘हे ऐकून बरं वाटायला हवं ना?’ तो म्हणाला. वाटलं नव्हतं. पुढचे दोन तास आम्ही यावरच घालवले. भीती होती हे खरं, पण आपल्यावाचून चालत नाही यातला मानही त्याला हवा होता. सतत दमलेला माणूस महत्त्वाचा दिसतो, स्वतःलाही. आयटीत चाळिशी जवळ आली की नवीन पोरांच्या शेजारी बसून आपली किंमत काय हा प्रश्न पडतोच. त्याचं उत्तर कित्येक जण रात्री दोनला जागं राहून देतात.

ऑफिसातही त्यानं हालचाल केली. मॅनेजरशी बोलताना ‘मला त्रास होतो’ असं न म्हणता मागच्या अलर्टांची यादी ठेवली. त्यातले निम्म्याहून अधिक आपोआप मिटणारे होते. सकाळपर्यंत थांबले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. ते रात्री वाजणं बंद झालं. सणासुदीच्या रोट्यात दुसरं नाव खात्रीनं हजर असलेल्याचंच हवं, हेही कबूल झालं. ऑन-कॉलचा भत्ता मागितला होता, तो मिळाला नाही. ड्युटीनंतरच्या मंगळवारी उशिरा येण्याची मुभा मिळाली.

ड्युटीच्या आठवड्यात त्याची झोप अजूनही कच्चीच असते, आणि ती तशीच राहणार हे त्याला मी सांगितलंय. उरलेल्या चारांत तो बहुतेक रात्री सलग झोपतो. पावसाळ्यानंतर एकदा मुलीला घेऊन गडावर जाऊन आला. त्यावर लिहिलं का, हे मी विचारलं नाही. लिहिणं हा उपाय म्हणून दिला असता तर त्याचंही एक तिकीट, म्हणजे निपटायचं आणखी एक काम, झालं असतं.

हे वाचून कुणी म्हणेल, आमच्याकडे पाच जण नाहीतच. दोन-तीन माणसांच्या स्टार्टअपमध्ये बाराही महिने एकटाच ऑन-कॉल असलेला मुलगा मागच्याच महिन्यात आला होता. त्याला मी हँडओव्हर, घड्याळ, ठरावीक नंबर असलं काही सुचवलं नाही. तिथे मनाचं काम करण्यासारखं फार थोडं होतं. मालकाशी दुसऱ्या माणसाबद्दल काय बोलायचं, कोणत्या तारखेपर्यंत थांबायचं आणि नाहीच झालं तर नोटीस पिरियडमध्ये घर कसं चालवायचं, याचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. तो कागद घेऊन तो गेलाय, पुढच्या आठवड्यात येईल.