वाचकांचे प्रश्न : पाच कॉटची खोली आणि एकीचा ताप

प्रश्न : मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते आणि वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकते. एका खोलीत आम्ही पाच जणी आहोत. गेल्या सोमवारी एकीला कणकण आली, बुधवारी दुसरी आडवी झाली आणि शुक्रवारी तिसरीलाही १०२ अंश ताप भरला. डॉक्टरांनी फ्लू असल्याचे सांगितले. आम्ही खोलीत कापूर जाळला, काढा घेतला, फरशी फिनाइलने पुसून काढली. राहिलेल्या आम्ही दोघींनी आता घरी निघून जावे का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातले वारच पुरेसे बोलके आहेत. फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस, सरासरी दोन दिवस जातात, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार हा क्रम त्याच हिशोबात बसतो. अडचण अशी की लागण झालेली व्यक्ती ताप येण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच विषाणू पसरवू लागते आणि पुढे पाच ते सात दिवस पसरवत राहते. म्हणजे मैत्रीण आजारी आहे हे कळण्यापूर्वीच ती तुमच्याशेजारी बसून जेवलेली असते. म्हणूनच घरी जाण्याची घाई करू नका. तुमच्या अंगात विषाणू आधीच शिरला असेल, तर तो तुमच्याबरोबर एसटीत बसेल आणि घरातल्या आजी-आजोबांपर्यंत किंवा तान्ह्या भाचरापर्यंत जाईल, ज्यांना हा आजार तुमच्यापेक्षा कितीतरी जड जातो. चार दिवस थांबा, ताप आला नाही तर खुशाल जा.

कापराच्या धुराने विषाणू मरत नाही, उलट खोकणाऱ्या घशाला त्रास होतो. काढ्याने घसा शेकला जातो, तेवढाच त्याचा उपयोग. फरशीवर केलेली मेहनतही बरीचशी वाया गेली, कारण फरशीला हात लावून तो कोणी नाकाला लावत नाही. हात लागतात ते दाराच्या कडीला, नळाच्या तोटीला, सामाईक चार्जरला आणि पाण्याच्या जारवर उपडा ठेवलेल्या त्या एकुलत्या एका स्टीलच्या पेल्याला. अशा गुळगुळीत, कठीण पृष्ठभागांवर हा विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो. आज संध्याकाळी प्रत्येकीने आपला पेला वेगळा करावा आणि बाहेरून आल्यावर व जेवणापूर्वी किमान २० सेकंद साबणाने हात धुवावेत.

मात्र सर्वाधिक संसर्ग होतो तो खोकल्याच्या तुषारांतून आणि कोंडलेल्या हवेतून. अशा खोल्या मी पाहिल्या आहेत : खिडकीच्या काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलेले, गजांना ओले टॉवेल अडकवलेले, आणि पाऊस व डास यांच्या भीतीने ती खिडकी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत उघडलेलीच नसते. खिडकीला चिकटपट्टीची जाळी लावून घ्या आणि खिडकी व दार दोन्ही थोडी उघडी ठेवून हवा आरपार खेळू द्या. कॉट सरकवायला जागा नसेल, तर निदान झोपण्याची दिशा बदला. एकीचे डोके जिथे, तिथे शेजारणीचे पाय, इतक्या साध्या बदलाने दोन तोंडांमधले अंतर पाच-सहा फुटांवर जाते. मास्क आजारी असलेल्यांनी खोलीतही लावावा; सर्वांत जास्त फायदा त्याचाच होतो.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या वसतिगृहात राहतो. ताप आला की तो औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतो आणि ताप अंगावर काढत वर्गात जातो. फ्लूची लस द्यावी का?
– एक पालक, कराड

उत्तर : अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, फ्लूच्या विषाणूवर नाही, त्या गोळ्यांनी त्याचा ताप एका दिवसानेही लवकर उतरलेला नाही. विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल एवढ्यावर बहुतेक निरोगी तरुण आठवड्याभरात बरे होतात, खोकला तेवढा दोन आठवडे रेंगाळतो. ज्यांना दमा, मधुमेह किंवा हृदयविकार आहे त्यांनी मात्र पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण ओसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध ४८ तासांच्या आत सुरू केले तरच त्याचा चांगला गुण येतो. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचे, कपाटात साठवून ठेवायचे नाही. धाप लागणे, छातीत दुखणे, ग्लानी येणे, थुंकीतून रक्त पडणे किंवा नखे निळसर होणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. आणखी एक गोष्ट मुलाला बजावून सांगा. पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लूचा नसतो. डेंग्यूचे दिवसही हेच असतात, त्यामुळे अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये.

लस अवश्य द्या. ती सक्तीची नाही आणि दिल्यावर फ्लू होणारच नाही अशी हमीही नाही, परंतु आजार झाला तरी तो सौम्य राहण्याची शक्यता वाढते. विषाणू सतत रूप बदलत असल्यामुळे ती दरवर्षी घ्यावी लागते आणि संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लूचा एक जोर जानेवारी ते मार्चमध्ये आणि दुसरा पावसाळ्यात व त्यानंतर असतो, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मुलगा घरी येईल तेव्हाच ती उरकणे सोयीचे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात ७५ टक्के हजेरीची अट आहे आणि अनुपस्थितीसाठी वैद्यकीय दाखला लागतो. मुले वर्गात खोकत बसतात. महाविद्यालय काही दिवस बंद ठेवावे का?
– एक प्राध्यापक

उत्तर : ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला आणि शहरातल्या शाळा-महाविद्यालयांना सुट्टी द्यावी लागली. तेव्हा तो विषाणू नवा होता. आज तोच एचवनएनवन नेहमीच्या हंगामी फ्लूंपैकी एक आहे, त्यामुळे सरसकट कुलूप लावण्याची गरज उरलेली नाही. गरज आहे ती आजारी मुलाला तीन-चार दिवस घरी राहण्याची मुभा देण्याची. तापाची गोळी न घेता २४ तास ताप नसेल तेव्हा त्याने वर्गात यावे, आणि पुढचे काही दिवस मास्क लावावा.

दाखल्याविषयी स्पष्टच लिहितो. दर पावसाळ्यात माझ्या दवाखान्याच्या बाकावर अशी मुले असतात, ज्यांना औषध नको असते, फक्त कागद हवा असतो. ज्या दिवशी त्यांनी अंथरुणात पडून राहायचे, नेमक्या त्याच दिवशी ती गरोदर बाई आणि दम्याचे आजोबा यांच्यामध्ये तासभर खोकत बसतात. तीन दिवसांपर्यंतच्या तापासाठी विद्यार्थ्याचा स्वतःचा अर्ज आणि पालकांचा एक फोन ग्राह्य धरावा. काही मुले याचा गैरफायदा घेतील, हे मान्य. पण खोटा दाखला मिळवणे आजही त्यांना फारसे अवघड नाही. चुकलेली प्रात्यक्षिके महिन्याअखेरीस एका शनिवारी घेता आली, तर प्रयोगशाळेत एकाच टेबलाभोवती उभ्या असलेल्या दहा जणांमध्ये तापलेला अकरावा येऊन उभा राहणार नाही.