त्यांना खेळवू नकोस, त्यांच्याकडे काहीतरी माग

अगं,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज काल रात्री दोनदा ऐकला. म्हाताऱ्या माणसांच्या विरंगुळा केंद्रात तू तंबोला घेतलास, बीपी तपासणी ठेवलीस, योगासनांच्या ताईंना आणलंस, पहिल्या आठवड्यात चाळीस जण आले, तिसऱ्या आठवड्यात सहा, आणि त्यात ते रिटायर्ड तलाठी काका सगळ्यांसमोर म्हणाले, "बाळ, आम्हाला खेळवू नकोस." तू रडलीस तेही ऐकू आलं. आणि आता विचारतेस, फील्डवर्क बदलून घेऊ का, लहान मुलांमध्ये काम करू का.

थांब जरा. काकांनी तुझा अपमान नाही केला. कॉलेजात दोन वर्षांत जे कोणी सांगितलं नसेल ते त्यांनी चार शब्दांत सांगितलं. तुझीच यादी परत बघ. सगळं तू देणार आणि त्यांनी बसून घ्यायचं. एकदा तरी त्यांच्याकडे काही मागितलंस का?

मला हे कळायला बाप गमवावा लागला. अण्णा एसटीत कंडक्टर होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी आले आणि आम्ही भावंडांनी प्रेमापोटी एकेक काम काढून घेतलं. लाईटबिल मी भरायला लागले, बँकेचं भावाने घेतलं, भाजी वहिनी आणायची. शेवटी उरलं होतं दूध. पहाटे पिशवी घेऊन केंद्रावर जायचे, अर्धा किलोमीटर, वाटेत चार जण भेटायचे. एका पावसाळ्यात जरा घसरले तर आम्ही घरपोच दूध लावलं. मीच लावलं. त्यानंतरही ते पाचला उठून, शर्ट घालून दारात उभे राहायचे. मग दुपारी जुना तिकिटाचा पंच काढून पेपरच्या कडेला भोकं पाडत बसायचे, टक टक टक, आणि मी आतून ओरडायचे, अण्णा, कचरा होतोय. तो आवाज अजून जात नाही डोक्यातून.

आता 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी झालेल्यांना एसटी फुकट आहे. चांगलंच झालं. अण्णा असते तर त्यांना किती आनंद झाला असता. पण पास देऊन माणूस घराबाहेर पडत नाही गं, पलीकडे कोणीतरी वाट बघत असेल तर पडतो. 2011 च्या जनगणनेत आपल्या राज्यातच साठीच्या पुढचे एक कोटीच्या वर होते, आता तर कितीतरी वाढले असतील, आणि एवढ्या माणसांना आपण काय सांगतो, तर आराम करा, नामस्मरण करा. नामस्मरण करायचं त्यांनी स्वतः ठरवू दे, तू कोण सांगणारी?

मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याची आजीबाईंची शाळा तुला माहितीये, 2016 च्या महिला दिनाला सुरू झालेली. फोटोत लोकांना गुलाबी नऊवारी दिसते. मला त्यात अभ्यास दिसतो. साठी-सत्तरीच्या बाईने पाटीवर स्वतःचं नाव काढायचं, चुकलं तर पुसून परत काढायचं, म्हणजे कोणीतरी तिच्याकडून काहीतरी अपेक्षा करतंय. जपानमध्ये तर म्हाताऱ्यांना त्यांच्या त्यांच्या भागातली छोटी-मोठी कामं मिळवून देणारी केंद्रं सत्तरच्या दशकापासून आहेत, बागेतली झाडं छाटायची, सायकल स्टँड सांभाळायचा, आणि त्याचे पैसेही मिळतात. थोडेच, पण मिळतात. माग त्यांच्याकडे, हेच ते.

तू म्हणशील, आणि कोणाला काही झालं तर? झालंय. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाचं रजिस्टर मी एका एकोणऐंशी वर्षांच्या आजोबांकडे दिलं होतं. अक्षर मोत्यासारखं, पुस्तक परत आलं नाही की स्वतः घरी जाऊन मागायचे. एक दिवस वाचनालयाच्या पायरीवरून पडले, मनगट मोडलं. त्यांचा मुलगा माझ्या दारात येऊन म्हणाला, तुमच्या हट्टापायी माझ्या बापाचा हात मोडला. कमिटीने रजिस्टर काढून घ्यायचं ठरवलं, मी नाही म्हटलं, आणि पुढच्या निवडणुकीत मला सेक्रेटरीपदावरून काढलं. बरं, कठडा आधीच लावायला हवा होता, ती चूक माझी, शंभर वेळा माझी. पण रजिस्टर दिलं ती चूक नाही! मी भेटायला गेले तेव्हा प्लॅस्टरातला हात उशीवर, आणि पहिला प्रश्न काय, तर रजिस्टर कोण लिहितंय, तारखा नीट टाकतात ना. त्या मुलाला मी मनात अजून उत्तरं देत असते, आता तुला सांगतेय. कठडा लाव, उजेड कर, बाथरूम जवळ आहे का बघ, आणि मग काम दे. पडतील म्हणून काम काढून घेऊ नकोस. अण्णा दुधाला जात राहिले असते तर कदाचित परत पडले असते, मान्य आहे, पण ती दोन वर्षं पेपरला भोकं पाडत नसती गेली.

आणि हो, "तुमचे अनुभव सांगा" हा कार्यक्रम ठेवू नकोस, प्लीज. त्यांना कळतं तू वेळ घालवायला विचारतेयस. खरी अडचण घेऊन जा. ज्यात तू खरंच अडलीयेस अशी.

तू मागे म्हणाली होतीस ना, आजोळच्या जमिनीवर अजून पणजोबांचंच नाव आहे आणि मामा लोक नुसते वाद घालतायत. मग सोमवारी तंबोल्याचा डबा घरी ठेव. सातबारा ऑनलाइन मिळतो, प्रिंट काढ, काकांसमोर टेबलावर ठेव आणि विचार, वारसनोंद राहिलीय, कुठून सुरुवात करू? वही-पेन घेऊन बस, मोबाईल पर्समध्ये. ते आधी चिडतील, इतकी वर्षं झोपला होतात का म्हणतील. ऐकून घे. आणि त्यांनी सांगितलं की जुना फेरफार घेऊन बुधवारी दहा वाजता ये, तर बुधवारी दहालाच पोच, सव्वादहाला नाही.