छोट्या गावचा फुटबॉल क्लब आणि त्याचं मैदान पिढ्यान्‌पिढ्या टिकल्याचं उदाहरण आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गावात फुटबॉलचा क्लब आहे, मैदानही आहे, पण दोन्ही किती वर्षं राहतील याचा भरवसा वाटत नाही. असं काही टिकल्याचं उदाहरण जगात कुठे आहे का?

आहे, आणि ते मी डोळ्यांनी बघितलंय. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या पश्चिमेला, डोंगरउतारावर, सँडीगेट नावाचं मैदान आहे. हॅलम फुटबॉल क्लबचं हे घर. क्लब १८६० सालचा, आणि जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून सँडीगेटची गिनीजमध्ये नोंद आहे. आज शहर वाढत वाढत तिथवर पोचलंय, पण तेव्हा हा सगळा शेताशिवाराचा भाग होता. अजूनही हॅलमच्या संघाला लोक ‘कंट्रीमेन’ म्हणतात. आपल्या भाषेत गावकरीच.

मी शिकायला शेफील्डला होतो. एका शनिवारी चढ चढून सामन्याला गेलो. रस्त्याच्या एका बाजूला प्लाऊ नावाचा जुना पब, दुसऱ्या बाजूला मैदान. आत शिरल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतो तो उतार. वरच्या कोपऱ्यात उभं राहिलं की समोरचा कोपरा चक्क खाली गेलेला दिसतो. गोलकीपरने किक मारायला चेंडू ठेवला, दोन पावलं मागे गेला, आणि चेंडू आपला सावकाश घरंगळायला लागला. त्याने तो पुन्हा ठेवला, टाचेने गवतात जरा खळगा केला, मग किक मारली. तिथल्या माणसांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पूर्वार्धात वरच्या अंगाने हल्ला करायचा की उत्तरार्धात, याचा हिशोब मात्र प्रत्येकाकडे तयार होता.

आता इतिहास. शेफील्ड फुटबॉल क्लब १८५७ चा, जगातला सर्वांत जुना. पण तीन वर्षं त्यांना खेळायला दुसरा क्लबच नव्हता, त्यामुळे आपसातच संघ पाडून खेळायचे. मग हॅलम उभा राहिला आणि २६ डिसेंबर १८६० ला सँडीगेटवर दोघांची गाठ पडली. दोन क्लबांमधला जगातला हा पहिला सामना. मैदानावर बर्फ पडलेला होता आणि त्या पांढऱ्यावर खेळाडूंचे रंगीत कपडे उठून दिसत होते, असं त्या वेळच्या वर्तमानपत्राने लिहून ठेवलंय. शहरवाले २-० ने जिंकले.

मी कोल्हापूरचा. तालमी-पेठांची ईर्षा आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी बघत वाढलो, त्यामुळे पुढचा किस्सा मला फार जवळचा वाटतो. डिसेंबर १८६२ मध्ये हेच दोन संघ शेफील्डच्या ब्रॅमल लेन मैदानावर खेळले. सामना मदतनिधीसाठी होता: अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस यायचा थांबला होता, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या होत्या आणि कामगार उपाशी होते. (त्याच टंचाईने आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळं कोसळलं. एकाच युद्धाची ही दोन टोकं.) तर त्या सामन्यात हॅलमच्या वॉटरफॉलने शेफील्डच्या मेजर क्रेसविकला धरून ठेवलं, झटापटीत वॉटरफॉलला चुकून एक फटका बसला, आणि गडी अंगातलं जाकीट फेकून मारामारीलाच उतरला. प्रेक्षक मैदानात घुसले. शिक्षा काय, तर वॉटरफॉलला गोल राखायला उभं केलं! सामना बरोबरीत सुटला.

गावाचा खरा मान १८६७ चा. शेफील्डचे नाटकगृहाचे मालक थॉमस यूडन यांनी चषक ठेवला आणि बारा क्लबांची स्पर्धा भरली, फुटबॉलमधली पहिली. एफए कप, म्हणजे इंग्लंडची आजही चालणारी राष्ट्रीय स्पर्धा, त्यानंतर चार वर्षांनी आला. अंतिम सामन्यात ब्रॅमल लेनवर तीन हजार माणसांसमोर हॅलमने नॉरफोक संघाला हरवलं, तेही एकही गोल न करता! गोलच्या खांबांमधलं अंतर चार यार्डांचं, म्हणजे आजच्या बरोबर निम्मं, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना चार-चार यार्डांवर निशाणं असायची. चेंडू खांब आणि निशाणाच्या मधून गेला आणि हल्ला करणाऱ्याने तो आधी जाऊन हाताने टेकवला, की एक ‘रूज’. गोल सारखे झाले की रूज मोजायचे. हॅलमने दोन रूजवर चषक नेला.

पुढे तो चषक हरवला, आणि १९९७ मध्ये स्कॉटलंडमधल्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडे निघाला. क्लबने २,००० पौंड देऊन तो परत घरी आणला. खालच्या पातळीवर खेळणाऱ्या क्लबला ही रक्कम लहान नाही. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

शेजाऱ्यांचं बघा. शेफील्ड क्लबचं नाव जगभर आहे, फिफाने त्यांचा गौरव केला, पण शहरात स्वतःचं मैदान राहिलं नाही. २००१ पासून ते शेजारच्या डर्बीशायरमधल्या ड्रॉनफील्डला खेळतात. २०११ मध्ये त्यांनी आपली मूळ नियमांची हस्तलिखित वही आणि जुने कागद लिलावात ८,८१,२५० पौंडांना विकले. त्यांना मी नावं ठेवत नाही. पैशाची निकड असेल. पण हॅलमची जागा हलली नाही, कारण ती फुटबॉलच्याही आधीपासून खेळाचीच होती. तिथला क्रिकेट क्लब १८०४ चा आहे. हॅलमचा क्लबही मधे, १८८६ मध्ये, बंद पडला होता. वर्षभरात पुन्हा उभा राहिला.

म्हणून तुम्हाला सांगतो, पोरं आणि बूट यांची काळजी नंतर करा. उद्या तलाठ्याकडे जा आणि मैदानाचा सातबारा काढा. नाव कुणाचं आहे, गायरान आहे की कुणाची खाजगी जमीन, इतर हक्कात काय नोंद आहे, ते वाचा. गायरान असेल तर ती जागा खेळासाठीच राहावी असा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडा, आणि ठरावाची नक्कल क्लबच्या कपाटात ठेवा. सातबारा समजायला अडचण आली तर गट नंबर झाकून इथे लिहा, मी बघतो.