हॅबिटॅट म्हणजे अधिवास, आणि अधिवास म्हणजे?

"पाठांतर भरपूर करते हो, पण इंग्रजी शब्द डोक्यात राहतच नाहीत. स्मरणशक्ती कमी असेल का?" मुलांच्या अभ्यासाच्या अडचणी ऐकणं हे माझं काम. शाळा सुरू झाल्या की हे वाक्य माझ्या खोलीत इतक्यांदा येतं, की पालक खुर्ची ओढून बसायच्या आतच मला ते ऐकू येतं. मराठी माध्यमातून सेमी-इंग्रजीला आलेल्या मुलांच्या घरी तर ते ठरलेलंच. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा सगुणाची हकिकत सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सगुणा आठवीत होती. घर माणदेशातलं, मेंढपाळांचं. सहावीपर्यंत आजोबांजवळ गावी राहिली, मग वडिलांच्या नोकरीमुळे पुण्यात आली. विज्ञान इंग्रजीतून सुरू झालं आणि हवामान बदल व प्राण्यांचं अनुकूलन या धड्यांपाशी तिचं गाडं रुतलं. वडील दारातूनच म्हणाले, "मॅडम, ही रातभर घोकतीया आन् सकाळी समदं इसारती. एखादं टॉनिक लिहून देता का?"

टॉनिक मी देत नाही. ते द्यायला मेडिकलवाले समर्थ आहेत. मी वही मागितली.

दोनशे पानी वही, शिसपेन्सिलीनं आखलेले तीन रकाने: शब्द, उच्चार, अर्थ. अक्षर मोत्यासारखं. 'हॅबिटॅट, अधिवास' ही ओळ दहा वेळा लिहिलेली, दहाव्यांदा पेन्सिल दाबल्यानं कागद फाटलेला. मी सहज विचारलं, "अधिवास म्हणजे काय गं?"

"दाखला असतोय. तहसीलमधनं काढायचा."

मी हसले, आणि लगेच ओशाळले. पोरगी अगदी बरोबर बोलत होती. अधिवास हा शब्द तिनं आयुष्यात एकदाच पाहिला होता, डोमिसाइलच्या कागदावर. म्हणजे वाघाचा हॅबिटॅट कुठला, तर तहसील कचेरी!

इतकी वर्षं हे काम करून मला नेमकं दिसलं ते त्या दिवशी. आपण दोष इंग्रजीला देतो. पण अनुकूलन, अधिवास, शीतनिद्रा, उत्सर्जन हे पुस्तकी मराठी शब्द तरी या मुलांचे कुठे असतात? एका परक्या शब्दाची गाठ आपण दुसऱ्या परक्या शब्दाशी मारतो आणि दोन्ही टोकं मोकळी ठेवतो. मग ती गाठ रात्रीत सुटते आणि आपण मुलीच्या मेंदूवर संशय घेतो. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवर प्रयोग करून विस्मरणाचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा त्यानं मुद्दाम निरर्थक अक्षरं पाठ केली होती. आमची मुलं नकळत तोच प्रयोग करत असतात. माझा कल तुम्हाला कळला असेलच: मुलाला आधीपासून काय ठाऊक आहे, शिकवणं तिथून सुरू करायचं. ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये हे ठामपणे मांडलं, आणि मला आजवर त्यापलीकडचं काही सापडलेलं नाही.

वही मिटायला लावली. दुसऱ्या बैठकीत शब्दच काढले नाहीत, फक्त गाव काढलं.

"उन्हाळ्यात तळं आटलं की बेडूक कुठे जातात?"

"जमिनीत. आज्जा माती काढाय लागला की गपगार पडलेला घावतो. मेलाय वाटतं, पण पाऊस पडला की पिवळाधमक होऊन वरडत येतो."

"मग ते हायबरनेशन का?"

ती थांबली. ओठ हलले, घोकलेली ओळ आत चालू असणार. मग म्हणाली, "न्हाई मॅडम. ते थंडीचं. ह्यो तर उन्हाळ्यात झोपतोय."

"त्याला एस्टिव्हेशन म्हणतात."

तिनं तो शब्द एकदाच म्हटला. पंधरा दिवसांनी विचारला, तेव्हा बेडकासकट परत आला.

खरा उजेड पडला तो मात्र वेदर आणि क्लायमेटवर. पुस्तकात हवा आणि हवामान असा फरक दिलेला असतो, पण बोलताना आपण दोन्हीला हवामानच म्हणतो. हवामान म्हणजे निदान तीस वर्षांच्या हवेची सरासरी, हे सांगून मुलांना काहीच दिसत नाही. मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या मेंढपाळांच्या तांड्याला वाडा म्हणतात. मी विचारलं, "वाडा कोकणात कधी निघतो?"

"दिवाळी झाली की. पाऊस लागायच्या आत माघारी. कोकणातल्या पावसात आमची मेंढरं टिकत न्हाईत, खुरं सडत्यात."

"आणि कधी चुकलं?"

तिचा आवाज बारीक झाला. २०२१ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला पुणे-नगर पट्ट्यात अवकाळी पावसानं आणि गारठ्यानं पुष्कळ मेंढ्या दगावल्या होत्या. त्यात आजोबांच्या अकरा गेल्या. "दिवाळीनंतर उघडीप आसतीच, म्हणून तर वाट ठरल्याली. त्या राती मात्र धरलं."

मी काहीच बोलले नाही. तो मोह आवरणं हीच आमच्या धंद्यातली अवघड कला. बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, "मॅडम, ज्याच्या भरवशावर निघायचं ते क्लायमेट. आन् त्या राती पडला ते वेदर." आणि जरा थांबून, "आता भरवसाच हलाय लागला, तर ते क्लायमेट चेंज?"

मी ही व्याख्या त्यानंतर कितीतरी मुलांना सांगितली आहे. नाव सगुणाचंच घेते, खोटं असलं तरी.

आता पालकांसाठी. आठवड्याला पन्नास शब्द नकोत, सहा-सात पुरेत. 'अर्थ सांग' म्हणण्याआधी 'हे कुठे पाहिलंस?' विचारा. आधी वस्तू, मग घरातला मराठी शब्द, मग इंग्रजी, आणि परीक्षेसाठी पुस्तकी मराठी सगळ्यात शेवटी. शहरातल्या मुलाकडे मेंढ्या नसतील, पण कुंडीतला हिरवा नाकतोडा असतो, त्यावर कॅमफ्लाज, म्हणजे भोवतालच्या रंगात लपून जाणं, भागतं. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्यानं न बघता आठवायला लावा. नुसतं पुन्हा वाचलं की येतं असं वाटतं, येत नसतं.

अडॅप्टेशनपाशी, म्हणजे पुस्तकातल्या अनुकूलनापाशी, जरा थांबा, हा शब्द दुतोंडी आहे. माणदेशी मेंढी कोरड्या माळाला जुळली ती पिढ्यान्‌पिढ्या जाऊन, एका मेंढीनं ठरवून नव्हे. हवामान बदलाच्या चर्चेत मात्र माणसांनी विचार करून केलेल्या तजविजीलाही अडॅप्टेशनच म्हणतात. मुलं इथे हमखास घसरतात, आणि शिक्षकही.

चौथ्या बैठकीला सगुणानं नवी वही आणली. रकाने चार. चौथ्याचं नाव 'कुठं बघितलं'. मायग्रेशनसमोर 'आमचा वाडा'. हॅबिटॅटसमोर 'माळ', दाखला खोडलेला. वडील मागे उभे राहून टॉनिकचं पुन्हा विचारत होते, मी पान उलटत होते. शेवटची ओळ एन्डेंजर्डची होती. तिच्यापुढे लिहिलं होतं: 'माळढोक. आज्जानं बघितलाय. मी न्हाई.'