नवख्यांना बुद्धिबळाच्या चाली कोणत्या क्रमाने शिकवाव्यात?

तुमचा प्रश्न असा की, पट मांडून सहाही मोहऱ्यांच्या चाली नीट सांगितल्या, तरी खेळ सुरू होताच शिकणारे प्याद्याने समोरचा मोहरा मारतात आणि घोडा भलत्याच घरात नेतात. मग सुरुवात कुठून करायची?

पट रिकामा करा आणि एका वेळी एकच मोहरा घ्या. नुसतं सांगून चाली डोक्यात बसत नाहीत. प्रत्येक मोहऱ्यासाठी पाच-दहा मिनिटांचा छोटा खेळ द्या. पट ठेवताना प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं हवं, एवढं आधी बघून घ्या. ते चुकलं तर पुढे ‘वजीर स्वतःच्या रंगाच्या घरात’ ही मांडणीची खूणही चुकते.

पहिलं प्यादं घ्या, कारण सगळ्यात बिकट तेच आहे. चालतं सरळ आणि मारतं तिरकं, असा हा एकटाच मोहरा. दोन्ही बाजूंची आठ-आठ प्यादी नेहमीच्या जागी मांडा, बाकी काही नको. ज्याचं प्यादं आधी पलीकडच्या टोकाला पोचेल तो जिंकला. दोन प्यादी समोरासमोर अडली की ‘मारू का?’ असा प्रश्न हमखास येतो, तेव्हाच नियम सांगा. मूळ जागेवरूनच दोन घरं जाता येतं आणि मागे कधीच येता येत नाही, हेही याच खेळात पक्कं होतं. एन पासाँ (दोन घरं उडी घेऊन शेजारी आलेलं प्यादं मारणं) मात्र आधी सांगत बसू नका, तशी स्थिती पटावर आली की दाखवा: पांढरं प्यादं ई5 वर (पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच हे उभे स्तंभ, त्याच्या बाजूने 1 ते 8 या आडव्या ओळी), काळ्याने डी7 वरून थेट डी5 वर उडी घेतली, तर पांढरा ते प्यादं उचलून आपलं प्यादं डी6 वर ठेवू शकतो. पण लगेचच्या चालीत. एक चाल गेली की हक्क गेला.

मग हत्ती. पांढरा हत्ती ए1 वर आणि काळी प्यादी ए4, सी4, सी7, एफ7, एफ2, एच2 या घरांत ठेवा. काळा हलणार नाही, हत्तीने सहा चालींत सहाही मारायची. हे सोपं जातं. आता तीच मांडणी परत करून सी5 वर एक पांढरं प्यादं ठेवा. नवखा सी4 वरून सरळ सी7 गाठायला जातो आणि अडतो: हत्ती उडी मारत नाही, आपल्या प्याद्यावरूनही नाही. आता सात चाली लागतात (ए4, सी4, मग रिकाम्या एच4 वर, तिथून एच2, एफ2, एफ7, सी7). उत्तर लगेच सांगू नका.

उंटाला फार वेळ लागत नाही. ज्या रंगाच्या घरात आहे तो रंग सुटत नाही, एवढं लक्षात राहिलं की झालं. वजीर म्हणजे हत्ती अधिक उंट. फक्त तो घोड्यासारखा जात नाही हे बजावून सांगा, कारण ‘वजिराला सगळं चालतं’ ही समजूत फार चिवट असते.

घोड्याला ‘अडीच घरं’ असं शिकवलं की अर्धं घर कुठलं, यावर गाडी अडते. दोन घरं सरळ आणि तिथून एक बाजूला, असं सांगा. चूक होते ती मोजण्यात: घोडा उभा आहे तेच घर नवखे ‘एक’ धरतात. पडताळा सोपा आहे, घोडा प्रत्येक चालीत घराचा रंग बदलतो. काळ्या घरातून काळ्यात पडला तर मोजणी चुकलीच. डी4 वरच्या घोड्याला आठ घरं मिळतात, ए1 वरच्याला दोनच. दोन्हीकडे बटणं ठेवून दाखवा. नंतर डी4 वरून शेजारच्या डी5 वर न्यायला सांगा. तीन चाली लागतात (सी6, ई7, डी5).

राजा शेवटी, कारण त्याची चाल सोपी आणि बंधनं जास्त. शह बसला तर सुटकेचे तीन मार्ग: राजा हलवा, शह देणारा मारा किंवा मध्ये मोहरा घाला. घोड्याच्या शहाला तिसरा चालत नाही. काळा राजा ए8 वर एकटा, पांढरा वजीर सी7 वर आणि चाल काळ्याची, ही स्थिती मांडा. शह नाही, पण हलायलाही जागा नाही: डाव बरोबरीत. जिंकत आलेला डाव नवखे इथेच घालवतात.

किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंग, दोन-तीन पूर्ण डाव झाल्यावर शिकवा. राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडच्या घरात बसतो. दोघंही आधी हललेले नकोत, मध्ये मोहरा नको. राजाला त्या वेळी शह नको, तो ओलांडतो ते घर आणि पोचतो ते घर माऱ्यात नको. हत्तीवर मारा असला तर हरकत नाही. आधी शह बसला होता पण राजा जागचा हलला नव्हता, तरीही किल्लेकोट करता येतो. हात मात्र आधी राजाला लावायचा.

टोकाला पोचलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा होतो, मग तो मोहरा मारला गेलेला असो वा नसो. दुसरा वजीर नसेल तर घरी उलटा हत्ती ठेवून काम भागतं. स्पर्धेत उलटा हत्ती हत्तीच धरतात.