पहिलीतल्या पोराचे दात: शाळेआधी एवढं करून घे

अगं, विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, तोवर दोन महिने गोळा, कुल्फी, रसना चालूच असतं. म्हणून दप्तर घ्यायच्या आधी दात दाखवून घे. नागपुरात मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहेच. सकाळी लवकर जा, गर्दी असते.

एक गोष्ट नीट बघ. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे नवी दाढ येते. तिच्यासाठी दुधाचा दात पडत नाही, म्हणून आपल्याला कळतच नाही. मीही दुधाचीच समजून सोडली होती आणि खड्ड्यात काळं दिसलं तेव्हा धावले. ती कायमची असते बाई! तोंड उघडायला लावून मोबाईलचा टॉर्च मार. खाचा खोल असतील तर डॉक्टरांना सीलंटबद्दल (खाचा बुजवणारा पातळ थर) विचार.

रात्रीचं ब्रशिंग तू स्वतः करून दे, सात-आठ वर्षांपर्यंत पोरांचा हात नीट वळत नाही. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढीच. थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही. त्यानंतर फक्त पाणी. आजीने हळूच दिलेली संत्रा बर्फीसुद्धा नाही. (आजीला समजावणं तुझं तू बघ.)

डब्यात बिस्किटांऐवजी फुटाणे दे. बाटलीत सरबत नको, साधं पाणीच.